आभारप्रदर्शनाचा तिसरा नियम

लातूरच्या एका महाविद्यालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल होतो आणि त्यातली चोवीस वर्षं आभारप्रदर्शक. पहिली नेमणूक मला अर्ज करून, मुलाखत देऊन मिळाली. दुसरी आपोआप मिळाली.

कार्यक्रमात प्रास्ताविक कुणी करायचं यावरून आमच्या प्राध्यापकांत रुसवे होत. पाहुण्यांचा परिचय करून द्यायला चौघे तयार असत. आभाराला मात्र कुणी पुढे येत नसे. आभार सुरू होतात तेव्हा पाहुण्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं, श्रोते अर्धे उठलेले असतात, खुर्च्या वाजत असतात, माइकवाला मागून वायर गुंडाळायला लागलेला असतो. अशा वेळी बोलायला असा माणूस लागतो, ज्याला आपलं कुणी ऐकत नाही याचं वाईट वाटत नाही. मला वाटत नसे. उलट बरंच वाटे. मी अध्यक्षांपासून सुरुवात करून सतरंजी अंथरणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानायचो आणि शेवटी ‘ज्यांची नावं अनवधानानं राहून गेली असतील’ त्यांचेही मानून खाली उतरायचो.

येत्या पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्या पत्नीला जाऊन वर्ष होईल. हे वर्षभर मी थोडं थोडं लिहितो आहे. एक पान व्हायला आठवडा जातो. लिहायला बसलं की एकच गोष्ट पुढे येते. मी आयुष्यभर मंडपवाल्यांचे, माइकवाल्यांचे, पाणी भरणाऱ्यांचे आभार मानले, पण ती असताना तिचे कधी मानले नाहीत. विसरलो म्हणून नव्हे. तसा नियम होता, आणि तो नियम मीच केला होता.

नियम का करावा लागला ते सांगायचं तर भूकंपाच्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जमीन हलली. आमच्या घराला स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत एक भेग पडली, एवढंच. पण घरात झोपायची कुणाची छाती होईना. गल्लीतल्या सगळ्यांनी शाळेच्या मैदानावर ताडपत्र्या बांधल्या आणि आम्ही सगळे काही आठवडे तिथेच राहिलो. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, मुलगा चार वर्षांचा. मुलाला हा सगळा प्रकार फार आवडला होता. रोज सहल.

खरं नुकसान झालं होतं ते गावांकडे. तिकडे पाठवायचं सामान आमच्या महाविद्यालयात जमा होऊ लागलं. वाचनालयाचा हॉल मोठा, म्हणून ते तिथे आलं. प्राचार्य मला म्हणाले, “तुम्हाला वर्गीकरण येतं. तुम्हीच बघा.”

मला पुस्तकांचं वर्गीकरण येत होतं. तरी मी केलं. इतिहासाच्या कपाटाखाली साड्या, विज्ञानाखाली पातेली, काव्याखाली लहान मुलांचे कपडे. प्रत्येक ढिगावर कार्ड लावलं. एका कार्डावर मी ‘स्वेटर : पाहा, लोकरी कपडे’ असंही लिहिलं होतं. पत्नीनं ते वाचलं आणि त्या सगळ्या वाईट दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

सामान चांगलं आलं, हे आधी सांगितलं पाहिजे. लोकांनी नवी कोरी घोंगडी दिली, धान्य दिलं, अंगावरचे कपडे दिले. पण लांबच्या मोठ्या शहरांतून आलेल्या काही खोक्यांत घरातली अडगळही आली होती. टाय आले. पोहायचे कपडे आले. एक बॅडमिंटनची रॅकेट आली, जाळी नसलेली. आणि एका पोत्यातून चाकांचे बूट निघाले. लाल रंगाचे, चामडी पट्ट्यांचे, खाली चार चार चाकं. ते मी ‘संकीर्ण’ या ढिगात ठेवले.

पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, पण शाळा तेव्हा बंद होत्या. दुपारी ती मुलांना घेऊन माझा डबा द्यायला आली. मुलाला ते बूट दिसले. त्यानं एक चाक बोटानं फिरवलं, ते बराच वेळ फिरत राहिलं.

“बाबा, हे कुणाचे?”

“भूकंपग्रस्तांचे.”

त्यानं थोडा विचार केला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “आपण भूकंपग्रस्त कधी होणार?”

हॉलमध्ये दहा-बारा माणसं होती. त्यांतला एक जण खरोखरच तिकडच्या गावातून भांडी न्यायला आलेला होता. उतारवयाचा, डोक्याला पट्टी बांधलेला. मला जमिनीत जावंसं वाटलं. तो माणूस मात्र मुलाकडे बघून म्हणाला, “कशाला व्हतो रे बाळा? तूच घे की ती चाकं. आमच्या गावाला आता रस्ताच न्हाई.”

मुलानं लगेच हात पुढे केला. मी तो धरून मागे ओढला. त्यापलीकडे काय करायचं ते मला सुचलं नाही.

पत्नी त्या माणसाजवळ जाऊन खाली बसली. “जेवलात का?” म्हणाली. तिनं माझा डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं सावकाश दोन भाकरी खाल्ल्या, पाणी प्यायलं आणि म्हणाला, “ठेच्यात मीठ कमी हाय, ताई.”

“उद्या घालते,” ती म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी तिनं खरोखर मीठ नीट घालून दुसरा डबा आणला. तो माणूस आला होता. तो काय जेवला मला माहीत नाही, कारण मी लाजून कपाटामागे कार्डं लिहीत होतो.

पण त्या पहिल्या दिवशी माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. ज्या मुलाला आईवडील आहेत, भिंती आहेत, जेवायला आहे, त्याला चाकांच्या बुटांसाठी भूकंपग्रस्त व्हावंसं वाटतं. याला शिकवलं पाहिजे. आणि शिकवायला माझ्याकडे एकच विद्या होती.

संध्याकाळी ताडपत्रीखाली खिचडी खाऊन झाल्यावर मी उभा राहिलो (ताडपत्री बुटकी होती, म्हणून अर्धाच) आणि जाहीर केलं की आजपासून रोज जेवण झाल्यावर, हात धुण्याआधी, आभारप्रदर्शन होईल. दोघांनीही दिवसभरात जे मिळालं त्याचे आभार मानायचे.

मुलीनं विचारलं, “हात वाळून जातील ना?”

“थोडक्यात मानायचे.”

मुलगा उभा राहिला. त्यानं आईकडे पाहिलं. गुळाचा डबा तिच्या मांडीवर होता. “आईचे आभार. आईचे आभार. आईचे आभार. झालं.” आणि गुळासाठी हात पुढे केला.

मुलगी त्याच्याहून हुशार. तिनं आईचे सात कारणांसाठी आभार मानले, त्यांतली चार वेणीबद्दल होती. पत्नी खूश झाली आणि तिनं दोघांना गुळाचे मोठे खडे दिले.

मला हे पसंत पडलं नाही. ही कृतज्ञता नव्हती, ही गुळाची व्यवस्था होती. शिवाय आभारप्रदर्शनाचा संकेत मला पाठ होता. संस्थेनं स्वतःच्याच माणसांचे आभार मानायचे नसतात, ते बाहेरच्यांचे मानायचे. मी वहीचं पान फाडून तीन नियम लिहिले. एक, मिळालेल्या गोष्टीचेच आभार मानावेत. दोन, आभार मानताना मागणी करू नये. तीन, घरच्या माणसांचे आभार मानू नयेत.

“का?” पत्नीनं विचारलं.

“घरच्यांचे आभार मानले की ते परके होतात.”

ती नांदेडची. तिथली माणसं असल्या वाक्यांनी गप्प होत नाहीत. “हे कुठं लिहून ठेवलंय?”

“इथं,” मी पान दाखवलं.

मैदानावरून आम्ही घरात गेलो तसं आभारप्रदर्शनही घरात आलं. भेग लिंपली, पान भिंतीवर चिकटवलं. मुलांना त्याची सवय झाली. सुरुवातीला ती खरंच छान बोलत. चपलेचे आभार मानत, कारण अंगठा तुटूनही ती शाळेपर्यंत आली. एकदा मुलानं वीज मंडळाचे आभार मानले, कारण बरोबर जेवताना दिवे गेले आणि त्यामुळे ताटातलं कारलं त्याला दिसलं नाही, त्याच्या ताटातून ते बहिणीच्या ताटात कसं गेलं हे तिलाही दिसलं नाही. मुलीनं त्यावर खुलासा मागितला. मी म्हटलं, आभारावर चर्चा होत नसते.

वर्षं गेली आणि गल्ली ओळखू येईनाशी झाली. आमच्या गावात बारावीचा अभ्यास करून घेण्याची अशी काही ख्याती झाली की कुठून कुठून मुलं यायला लागली. धर्माबादची, मुखेडची, परभणीची. चौकाचौकात क्लासचे फलक लागले आणि त्यांवर पासपोर्ट साइजचे चेहरे, खाली टक्के. ज्याच्या घराला गच्ची होती त्यानं गच्चीवर खोल्या चढवल्या. ज्यानं खोल्या चढवल्या त्याच्या घरी नवा टीव्ही आला, फ्रिज आला. आणि ज्यांच्या घरी हे काहीच आलं नाही, अशांत आम्ही होतो.

आमच्या भिंतीला भिंत लावून चाचा राहायचे. कूलर आणि फ्रिज दुरुस्त करायचे. त्यांच्या वडिलांपासून ते घर तिथे होतं. विद्यार्थ्यांच्या पत्र्याच्या खोल्यांमुळे कूलर वाढले आणि चाचांचा धंदाही. त्यांच्या अंगणात नेहमी पाच-सहा फ्रिज दारं उघडी टाकून उभे असायचे.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या आभारांचा सूर बदलला.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. ती उठून म्हणाली, “शेजारच्या चाचांचे आभार. त्यांच्या फ्रिजमधलं पाणी इतकं गार असतं की ते पिऊन आल्यावर आपल्या माठातलं पाणी कोमट आहे हे लगेच समजतं.”

मुलगा उठला. “चाचांच्या टीव्हीचे आभार, तो रंगीत आहे. आपल्या टीव्हीचेही आभार. तो आहे.”

पत्नी पदर तोंडाला लावून बसली होती. मी दोन्ही भाषणं नियमांवर घासून पाहिली. मिळालेल्या गोष्टीचे आभार होते. मागणी कुठंच नव्हती. चाचा घरचे नव्हते. हरकत घ्यायला जागा नव्हती. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी चाचांच्या कूलरचे आभार झाले, तिसऱ्या दिवशी बर्फाचे, चौथ्या दिवशी चाचांच्या बेगमनं दिलेल्या सरबताचे आणि त्यातल्या बर्फाचे स्वतंत्र.

एका रविवारी सकाळी चाचा दारात आले. कपाळाला घाम.

“सर, बोलू का एक?”

“या ना चाचा.”

“तुमची लेकरं रोज माझे आभार मानून राहिलीत. भिंत पातळ हाय, सगळं ऐकू येतं. आमची बेगम म्हणते, एवढं नाव घेतात ती पोरं, अन् आपण देतो काय, पाणी? मला जेवण जाईना, सर.”

“चाचा, मी त्यांना समाधान शिकवतोय. आपल्याला जे मिळालं त्यात…”

“हौ, शिकवा ना! पण माझ्यावर कशाला शिकवून राहिलात?”

आणि ते बाजूला झाले. मागे हातगाडीवर एक फ्रिज आडवा बांधलेला होता, फिकट निळा.

“गिऱ्हाईक सोडून गेलं, न्यायला आलंच न्हाई. ठेवा तुम्ही. दार जरा कुरकुरतं.”

“नको चाचा,” पत्नी आतून म्हणाली. “आमचं माठावर चाललंय.”

“भाभी, तुमचं चाललंय हो. माझं न्हाई चाललं.”

मुलानं तेवढ्यात सरळ उभं राहून, हात मागे बांधून आभारप्रदर्शनाला सुरुवात केली होती. मी त्याला आत पाठवलं. फ्रिज आत आला.

तो फ्रिज चालू झाला की ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखा आवाज यायचा आणि भांड्यांच्या फळीवरच्या वाट्या आपसात बोलायला लागायच्या. पहिल्यांदा तो आवाज झाला तेव्हा आम्ही चौघे सवयीनं धावत अंगणात गेलो. शिवाय त्याला गार करणं माहीत नव्हतं, फक्त गोठवणं माहीत होतं. दूध हातोडीनं फोडावं लागे. भेंड्या खडूसारख्या वाजत. टोमॅटो मुलाच्या हातून एकदा फरशीवर पडला तर फरशीला चरा गेला.

पण खरी अडचण वेगळीच झाली. आता पाणी प्यायला चाचांकडे जायला कारण उरलं नाही. तिकडे गेलं की बेगम सरबत करायच्या, चाचा फ्रिजच्या पोटातल्या नळ्या दाखवायचे, टीव्हीवर काहीतरी चालू असायचं. इकडे नुसता बर्फ. आठ दिवसांनी आभाराच्या वेळी मुलगी उठली आणि काही न बोलता उभी राहिली.

“बोल ना,” मी म्हटलं.

“आपल्या फ्रिजचे आभार,” ती म्हणाली. “आता तो परत देऊ या का? ही मागणी नाही. उलटी मागणी आहे.”

मी नियम दोन पुन्हा वाचला. उलट्या मागणीबद्दल त्यात काही नव्हतं. पत्नीनं माझ्या तोंडाकडे न बघता हातगाडी बोलावली.

चाचा अंगणात कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “परत? आता याचे मानलेले आभार मी परत करायचे का काय?”

“ठेवून घ्या,” पत्नी म्हणाली. “आन् पोरं पाणी प्यायला येतील, त्यांना हाकलू नका.”

मी गावाला ऐकवत फिरलो असतो की माझ्या मुलांनी आपण होऊन फ्रिज परत केला. पण ते माझ्या नियमांमुळे झालं नव्हतं, हे मला कळत होतं. तेवढं कळण्यापुरतं वाचन माझं होतं.

त्याच सुमारास वाचनालयाला रंग द्यायचा म्हणून प्राचार्यांनी ‘संकीर्ण’चं खोकं बाहेर काढलं. गावांना सगळं वाटून झालं होतं, हे मात्र कुणीच नेलं नव्हतं. “अडगळ झाली, घेऊन जा,” म्हणाले. ते चाकांचे लाल बूट मी घरी आणले. मुलानं ते पायात घालून पाहिले. टाच बाहेरच राहिली. चार वर्षं उशीर झाला होता. त्यानं पट्ट्या सोडून बूट बाजूला ठेवले. संध्याकाळी त्यानं बुटांचे आभार मानले. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पत्नीनं एका फळीच्या तुकड्याला खालून ते दोन्ही बूट बांधले, फळीवर गव्हाचं पिंप ठेवलं, आणि एका बोटानं ते पिंप स्वयंपाकघरभर फिरवून दाखवलं. झाडून काढायला आता पिंप हलवावं लागत नसे, ते स्वतःच जात असे. मुलगा त्या पिंपावर बसून न्हाणीपर्यंत गेला.

पुढे आम्हीही गल्लीसारखं वागून समोरची खोली भाड्यानं दिली. मुखेडकडची एक मुलगी आली, डॉक्टर व्हायचं म्हणून. शेतकऱ्याची लेक, बोलायला सडेतोड. जेवायला आमच्यातच बसायची. पहिल्या दिवशी मुलांनी तिला सगळी पद्धत समजावून सांगितली. तिला वाटलं हाही कुठला तरी क्लास आहे. “याचे पेपर कधी?” तिनं विचारलं.

पण पाळी आल्यावर उठली. “काकूंचे आभार. पिठलं माझ्या आईसारखं न्हाई झालं. पण लई भूक लागली होती आन् त्यांनी तीनदा वाढलं.”

मुलगा हळूच म्हणाला, “नियम तीन.”

“कसला?”

मुलीनं भिंतीवरचं पान दाखवलं. पाहुणीनं ते वाचलं आणि मला विचारलं, “सर, मग काकूंचे आभार कोण मानतं?”

पत्नी पिठल्याची कढई पुसत होती. तिनं हात थांबवला. “हो,” ती म्हणाली, “माझा नंबर कधी यायचा? दहा वर्षं मी ऐकूनच राहिले.”

मी घसा साफ केला. “तू आयोजक आहेस. आयोजकांचे आभार मानत नसतात.”

“आमच्या गावात मानतात,” मुखेडची मुलगी म्हणाली.

“पाहुणी म्हणून तुझे आभार ग्राह्य धरले आहेत,” मी तिला सांगितलं. पत्नीला म्हटलं, “तुझ्याबद्दल मी विचार करून सांगतो.”

“करा विचार,” ती म्हणाली. “आयोजक तोवर भांडी घासतात.”

मी विचार केला, हे खरं आहे. कार्डांवर मुद्देही काढले. ते एकदम नीट, एखाद्या योग्य प्रसंगी करावं असं मला वाटत होतं. योग्य प्रसंग बघत बघत मुलगी नांदेडला बँकेत लागली, मुलगा पुण्याला गेला आणि पत्नी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली.

तिच्या निरोप समारंभात मला मंचावर बसवलं होतं. कार्डं खिशात होती. आज बोलायचंच, असं ठरवून गेलो होतो. पण सूत्रसंचालिकेनं माझं नाव पुकारलं ते अशा शब्दांत, “आता बाईंचे यजमान आभार मानतील.” खुर्च्या वाजल्या. वायर गुंडाळण्याचा आवाज झाला. मी माइकसमोर उभा राहिलो आणि चोवीस वर्षांचं सगळं आपोआप बाहेर आलं. अध्यक्ष, पाहुणे, शिक्षकवृंद, पालक, माइकवाले, मंडपवाले, ज्ञात-अज्ञात. खाली उतरलो तेव्हा कार्डं खिशातच होती.

घरी जाताना रिक्षात तिनं सत्काराचा हार नीट मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “मंडपवाल्याचे मानलेत.”

“हो.”

“मंडप नव्हता. हॉलमध्ये होता कार्यक्रम.”

आणि मग तिला इतकं हसू आलं की रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. मीही हसलो. ते हसण्यावारी गेलं, म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. सुटलो नव्हतो. त्यानंतर तीन वर्षांनी पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गेली. आजार छोटा होता. मी कार्डं शोधून तिच्या उशाशी ठेवली होती, पण वाचून दाखवायला मला धीर झाला नाही. तिला कळेल की ती जाते आहे, असं वाटलं.

तिच्या शाळेनं शोकसभा ठेवली. त्याच हॉलमध्ये. मुलगा पुण्याहून आला होता. त्याच्या घरी आता रोज कसलं तरी खोकं येतं. तो म्हणतो, ‘बाबा, तुमचं शिक्षण फुकट गेलं.’ पण खोकं देणाऱ्या माणसाला तो दारात थांबवून म्हणतो, ‘आपण वेळात वेळ काढून आलात,’ आणि तो माणूस घाबरतो. मुलगी शेजारी बसली होती. चाचा तिसऱ्या रांगेत होते, आता काठी घेऊन.

सगळे बोलले. अध्यक्ष होते एक निवृत्त केंद्रप्रमुख, तेही बोलले. दोन मिनिटं सगळे शांत उभे राहिले. मग अध्यक्षांनी मान हलवली, खुर्च्या वाजल्या आणि मागे माइकवाल्यानं वायर गुंडाळायला सुरुवात केली.

हे आवाज झाले की मी उठतो. मी उठलो. माइकसमोर गेलो. “आजच्या या कार्यक्रमाला,” मी म्हणालो, आणि मग मला समजलं की शोकसभेला आभारप्रदर्शन नसतं.

सूत्रसंचालिकेचं तोंड उघडं राहिलं होतं. अर्धे उठलेले लोक तसेच वाकून थांबले, धड उभे नाहीत, धड बसलेले नाहीत. मला थांबता येईना. मी अध्यक्षांचे आभार मानले, शाळेचे मानले, सतरंजी अंथरणाऱ्यांचे मानले. माइकवाल्याचे मानले. त्यानं दचकून वायर सोडली. चहावाल्यांचे मानले. चहा नव्हता. मग ‘ज्यांची नावं अनवधानानं राहून गेली असतील’ इथपर्यंत आलो आणि माझा आवाज तिथेच राहिला.

तिसऱ्या रांगेतून चाचा म्हणाले, “सर, भाभीचं राहिलं.”

“नियम आहे, चाचा,” मुलगा म्हणाला. त्याचा रुमाल तोंडावर होता.

मुलगी उभी राहिली. अकरा वर्षांची असताना उभी राहायची तशीच, हात मागे बांधून. “अध्यक्षमहाराज, तिसरा नियम रद्द करावा असा ठराव मी मांडते.”

“अनुमोदन,” मुलगा म्हणाला.

केंद्रप्रमुखांना काहीच माहीत नव्हतं. पण ठराव आणि अनुमोदन झालं की काय म्हणायचं हे त्यांना आयुष्यभर माहीत होतं. “मंजूर,” ते म्हणाले.

कार्डं घरी राहिली होती. मी म्हणालो, माझा डबा दुसऱ्याला दिल्याबद्दल आणि दुसऱ्या दिवशी मीठ घातल्याबद्दल तिचे आभार. पिंपाला चाकं लावल्याबद्दल. मला न विचारता हातगाडी बोलावल्याबद्दल. मी मुलांना समाधान शिकवत होतो तेव्हा ते स्वतः करत राहिल्याबद्दल आणि मला तसं कधी न म्हटल्याबद्दल. सव्वीस वर्षांच्या माझ्या सगळ्या कार्डांवर हसल्याबद्दल.

माइक तेव्हा बंद झालेला होता. मागच्या रांगांना काही ऐकू गेलं नाही, हे मला नंतर सांगण्यात आलं. पण वाकलेली माणसं एकेक करून पुन्हा खाली बसली होती. माझ्या आभाराला बसलेली माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

खाली उतरता उतरता मी परत वळलो आणि मंडपवाल्याचेही आभार मानले. मंडप नव्हताच. ते तिच्यासाठी होतं.